आय अ‍ॅम पुटिंग ऑन माय कोट

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर वसलेल्या आमच्या चिंचेवाडीत साठ सालानंतरची काही वर्षं एकूण एकच कोट होता.

हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. जाकिटं होती. हेडमास्तरांचा बंद गळ्याचा एक काळा डगलाही होता, पण तो घातल्यावर ते स्वतःच बंद पडल्यासारखे दिसत. पुढे दुमडलेली कॉलर, छातीवर खिसा, मागे चीर, आत रेशमी अस्तर आणि चामड्याची बटणं असा अस्सल विलायती कोट मात्र एकच. तपकिरी लोकरीचा. तो दामोदर बनसोडे नावाच्या इंग्रजीच्या शिक्षकाचा होता. त्या कोटानं गावातली निम्मी लग्नं पार पाडली, तीन-चार इयत्तांना इंग्रजी शिकवलं आणि शेवटी आपल्या मालकाला बुडवलं.

मी त्या शाळेत चित्रकला शिकवायला होतो. वाईहून आलेला, नवाकोरा, डोक्यावर भरपूर केस असलेला. शाळेचं नाव न्यू इंग्लिश स्कूल. नवी ती कधीच नव्हती, पावसाळ्यात पत्रे गळायला लागले की शाळाही राहत नसे, आणि इंग्लिश म्हणाल तर एकटे बनसोडे मास्तर.

पहिल्याच आठवड्यात आठवीच्या वर्गातून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी खिडकीतून डोकावलो. फळ्याशेजारच्या खिळ्याला कोट टांगलेला. मास्तर त्याच्यासमोर सावधान उभे. किरकोळ अंगाचा, काळासावळा माणूस, पण आवाज असा की शेजारच्या वर्गातली पाढ्यांची ओरड बंद पडावी.

"लुक! आय अ‍ॅम टेकिंग माय कोट फ्रॉम द नेल."

चाळीस पोरं ओरडली, "यू आर टेकिंग युअर कोट फ्रॉम द नेल!"

"आय अ‍ॅम पुटिंग ऑन माय कोट." उजवा हात बाहीत गेला. डावा हात पाठीमागे बाही शोधत राहिला आणि मुद्दाम सापडेना. मास्तर स्वतःभोवती एक गिरकी घेत, पोरं हसून लोळत. मग हात बाहेर यायचा. "आय अ‍ॅम डूइंग अप द बटन्स." बटणं सावकाश, खालून वर. मग एकदम शांतता. मास्तर ताठ व्हायचे, कॉलरवरून बोट फिरवायचे आणि अगदी हलक्या आवाजात म्हणायचे, "नाऊ... आय अ‍ॅम वेअरिंग माय कोट."

पाऊस लांबलेल्या जूनच्या उकाड्यात, पत्र्याखाली, लोकरीचा कोट. कपाळावरून घामाचे ओघळ. पण चेहऱ्यावर असं तेज की मी खिडकीतच टाळी वाजवली.

तासानंतर ते मला म्हणाले, "आर्टिस्ट, इंग्रज मोठा हुशार. आपण दोन्हीला 'घालणे'च म्हणतो. त्यानं दोन शब्द ठेवलेत. अंगात घालायच्या धडपडीला पुट ऑन, आणि घालून झाल्यावरच्या ऐटीला वेअर. आपल्यातल्या बहुतेकांचं आयुष्य पहिल्याच शब्दात संपतं बघा."

पोरांनी त्यांचं नाव 'पुटॉन मास्तर' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

त्यांच्या इंग्रजीची कथा अशी. त्यांचे वडील महाबळेश्वरला एका साहेबाच्या बंगल्यावर कपडे सांभाळायला होते. बूट चमकवणं, इस्त्री करणं, साहेबाला कोट चढवणं आणि उतरवणं. लहानगा दामू दाराआड उभा राहून ऐके. त्यामुळे मराठीत 'भाकरी' शिकायच्या आधीच तो इंग्रजीत 'कफ', 'कॉलर', 'क्रीज' शिकला. पुढे मॅट्रिक झाले, इंटर झाले, ट्रेनिंग झालं, तरी मास्तरांच्या इंग्रजीला खरा हुरूप यायचा तो कपड्यांपाशीच. जगाकडेही ते त्याच खिडकीतून बघत. हेडमास्तरांबद्दल म्हणत, "मन टाइट-फिटिंग आहे, श्वास घेता येत नाही." शर्टाचं बटण उघडं टाकून फिरणारा पोरगा दिसला की लांबून "अन्बटन्ड!" अशी आरोळी. गावात एकदा भांडण झालं तेव्हा एक पोरगा दुसऱ्याची कॉलर धरून "अन्बटन्ड! अन्बटन्ड!" असं ओरडत होता. त्याला ती शिवी वाटली होती.

एकदा धनगराच्या पोराला त्यांनी विचारलं, "व्हॉट इज युअर फादर वेअरिंग?"

पोरगं उठलं, डोकं खाजवलं आणि म्हणालं, "माय फादर इज वेअरिंग घोंगडी."

मी खिडकीबाहेर. वाटलं, आता छडी. मास्तरांनी छडी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "करेक्ट. घोंगडीला त्यांच्याकडं शब्द नाही. थंडीनं मरतील, पण घोंगडी म्हणणार नाहीत. बस खाली."

साहेब विलायतेला जाताना तो कोट मास्तरांच्या वडिलांना देऊन गेला. छप्पन साली मास्तरांच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, तेव्हा त्यांनी मेलेली जनावरं ओढणं सोडलं, गावकीची कामं सोडली आणि गावानं अंगावरून उतरवून टाकलेली कापडं घेणंही सोडलं. घरातलं तसलं सगळं गाठोड्यात बांधून टाकून दिलं. कोट तेवढा ठेवला.

मी एकदा खोडसाळपणे म्हणालो, "मास्तर, पण कोटही साहेबाचा उतरलेलाच की."

"साहेबानं हातात दिला," ते म्हणाले. "लांबून टाकला नाही."

आता लग्नांकडे वळतो. आमच्या भागात तेव्हा नवरदेवाला कोट पाहिजेच अशी टूम निघाली होती. मुंबईला गिरणीत गेलेल्यांनी ती आणली. फोटो निघायचा असे, आणि फोटोत कोट नसेल तर मुलीकडचे नाक मुरडत. कोट गावात एकच, आणि तो असलेल्या घरात गाव पाणी पीत नव्हतं. या पेचातून गावानं जो मार्ग काढला तो असा.

शाळेचा शिपाई गणू हातात काठी घेऊन मास्तरांच्या दारात उभा राही. उंबऱ्याच्या बाहेर.

"मास्तर, आबांनी कोट मागितलाय. तुकारामाच्या थोरल्याचं लगीन हाय."

आबा म्हणजे गावचे पुढारी आणि शाळेचे चेअरमन. मास्तर कोट घेऊन बाहेर येत आणि गणूनं पुढे केलेल्या काठीवर स्वतःच्या हातानं नीट अडकवत. गणू त्याला बोट न लावता, काठी खांद्यावर टाकून, पालखीच्या थाटात चालू पडे. नवऱ्याच्या घरी कोटावर आधी गोमूत्र शिंपडत, तो उन्हात वाळवत आणि मग नवरा तो अंगात घालून घोड्यावर बसे. परतीचा प्रवासही काठीवरूनच.

"गणू, यू आर अ हँगर," मास्तर एकदा त्याला म्हणाले.

गणू गावभर सांगत सुटला, "मास्तर आमास्नी हँगर म्हणत्यात! लय मोठा हुद्दा हाय त्यो."

कोट परत आला की अभ्यासक्रम वाढायचा. हे मला फार आवडायचं. पहिल्यांदा हळदीचा डाग आला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'स्टेन'. पुढच्या लग्नात एक बटण गेलं, पोरं 'मिसिंग' शिकली. पाठोपाठ काखेतली शिवण उसवली, अस्तर लोंबायला लागलं, कोपरावर ठिगळ आलं, रंग उडाला. आमच्या पोरांना 'हॅट' आणि 'ग्लोव्ह' कधी धड आलं नाही. पण टॉर्न, पॅच्ड, फेडेड, वोर्न-आउट हे शब्द ती झोपेत सांगत. तशी त्यांच्या स्वतःच्या अंगावर या शब्दांची उदाहरणं भरपूर होतीच.

"देता कशाला हो?" मी एकदा न राहवून विचारलं. त्यांच्या घरी चहा पीत बसलो होतो.

आतून सरूवहिनींचा आवाज आला. "मीबी तेच इचारतीया, भाऊजी. गावातली समदी लग्नं ह्यांच्या कोटानं लावली. एका तरी मांडवात ह्यांचं पान मांडलं का इचारा."

मास्तर हसले. "आर्टिस्ट, इंग्रजीत एक शब्द आहे. हँड-मी-डाउन. थोरल्याचे वापरून झालेले कपडे धाकट्याला. वरून खाली येतात म्हणून डाउन. माझ्या बापानं, आजानं सगळा जन्म गावाचे डाउन घातले. आता पाटलाचा पोरगा माझ्या अंगातला उतरलेला कोट घालून घोड्यावर बसतो. हातात अक्षता असलेलं सगळं गाव त्याच्याकडं बघतं. शब्द उलटा झाला की नाही?"

"शब्दाचं ऱ्हाऊ द्या," वहिनी आतूनच म्हणाल्या. "पाण्याचं बगा."

पाण्याचं म्हणजे असं. वस्तीची विहीर माघ संपता संपता आटायची. गावच्या विहिरीवर वहिनींना घागर लावता येत नसे. कुणी वरून पाणी ओतलं तर मिळायचं, आणि ओतणारी येईपर्यंत उन्हात उभं राहायचं. मास्तरांची नोकरीही तात्पुरती. दर वर्षी एप्रिलअखेर सुटायचे, जूनला आबांच्या मर्जीनं पुन्हा लागायचे. अशात साताऱ्याच्या एका मोठ्या शाळेत इंग्रजीची कायम जागा निघाली. मास्तरांनी अर्ज केला आणि त्यांना नमुना पाठ घ्यायला बोलावणं आलं. त्या दिवशी सरूवहिनींच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं.

"साताऱ्याला नळ हाय म्हणं, भाऊजी. नळाला काय कळतंय, खाली घागर कुणाची हाय ते?"

पाठाचा दिवस ठरला सोमवार. आणि आदल्या रविवारी, गोरज मुहूर्तावर, आबांच्या पुतण्याचं लग्न. गणू काठी घेऊन दारात आला तेव्हा मास्तर पहिल्यांदाच नाही म्हणाले. तासाभरात त्यांना वाड्यावर बोलावणं आलं. अंगणात उभं करून आबांनी प्रेमानं समजूत घातली. "आवं मास्तर, अक्षता पडल्या की कोट मोकळा. नवरा काय जन्मभर घालून बसणार हाय व्हय? तुमचं काम आमचं काम." ज्याच्या मर्जीवर जून अवलंबून त्याला दुसऱ्यांदा नाही कसं म्हणायचं?

रविवारी संध्याकाळी अक्षता पडल्या. मी मांडवात होतो. मास्तर मांडवाबाहेर लिंबाखाली उभे. पंगती बसल्या. नवरा कोटासकट जेवायला बसला. मी आबांच्या कानाला लागलो, "आबा, मास्तर कोटासाठी थांबलेत. उद्या साताऱ्याला जायचंय त्यांना."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू नवरीच मागितली. "नवऱ्याच्या अंगावरचा कोट वरातीआधी उतरवायचा? अपशकुन हाय त्यो, गुरुजी! शिकली-सवरलेली माणसं तुमी. उद्या बगू की."

मी बाहेर येऊन लिंबाखाली सांगितलं. मास्तरांनी मान हलवली. बँड सुरू झाला, वरात निघाली. घोडा आमच्या अंगावरूनच गेला. मास्तर नवऱ्याकडे नाही, कोटाकडे बघत होते. "खांद्यात बसत नाही त्याला," एवढंच म्हणाले. "टू टाइट."

सोमवारी सकाळच्या एस.टी.नं आम्ही साताऱ्याला गेलो. मला सुट्टी नव्हती. मी पोटदुखी काढली. मास्तरांच्या अंगात धुतलेला पांढरा शर्ट होता, कॉलर विरलेली, पण वहिनींनी तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेली.

त्या शाळेत वर्गाला खरी दारं होती. पोरं इस्त्रीच्या गणवेशात. मागच्या बाकावर समितीची तीन माणसं, तिघांच्याही अंगात कोट. मी व्हरांड्यात उभा राहिलो. इतर उमेदवारांसारखा चार ओळी वाचून, फळा भरून पाठ उरकतील, असं मला वाटलं होतं. पण मास्तर फळ्याशेजारी गेले, तिथल्या रिकाम्या खिळ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "लुक! धिस इज माय कोट."

पोरं खदखदून हसली. मास्तरांनी हसू दिलं. मग खिळ्यावरून कोट काढला. होय, काढलाच. त्याचं वजन मला व्हरांड्यातून दिसलं. झटकला. खांद्यावरचा एक केस चिमटीत धरून टाकला. "आय अ‍ॅम पुटिंग ऑन माय कोट." उजवा हात गेला. डावा हात बाही शोधू लागला. सापडेना. गिरकी. आता वर्ग वेगळं हसत होता. मग मास्तरांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला बोलावलं, "प्लीज, हेल्प मी ऑन विथ माय कोट." तो गोरागोमटा मुलगा उठला, मास्तरांच्या मागे गेला, दोन्ही हातांच्या बोटांनी त्या नसलेल्या कोटाची कॉलर धरली आणि नीट, हळूच, त्यांच्या खांद्यावर चढवली.

वर्गात कुणी हसेना. बटणं लागली, खालून वर. कॉलरवरून बोट फिरलं. "नाऊ... आय अ‍ॅम वेअरिंग माय कोट." आणि सगळा वर्ग एका आवाजात, तसाच हलक्या आवाजात म्हणाला, "नाऊ यू आर वेअरिंग युअर कोट."

मी चित्रकलेचा माणूस. आयुष्यात पुष्कळ कोट काढले. इतका हुबेहूब एकही नाही.

समितीची माणसं बाहेर आली. मधले गृहस्थ खूश दिसत होते. "वा, बनसोडे! नाटक झकास करता. आमच्या गॅदरिंगला बोलावलं पाहिजे तुम्हाला." मग जरा खाकरले. "फक्त एक आहे. आमच्याकडे इंग्रजीचे शिक्षक कोट घालून शिकवतात. निदान अशा दिवशी तरी पोशाखाकडे लक्ष द्यायला हवं होतं. मुलांवर परिणाम होतो. कळवू आम्ही."

मास्तर "थँक यू, सर" म्हणाले. स्टँडवर एस.टी.ची वाट बघताना ते बाकावर ताठ बसून होते. डावा हात पोटाशी दुमडलेला, कोट हातावर टाकून धरावा तसा. बऱ्याच वेळानं त्यांचं त्यांनाच ते दिसलं. त्यांनी हात खाली सोडला.

कळवलं कुणीच नाही.

कोट त्या आठवड्याअखेर काठीवरून परत आला. वरातीतल्या दारूकामानं एक बाही कोपरापर्यंत जळाली होती. पाठीतून उभा फाटला होता. अस्तराला दारूचा वास. गणू काठी पुढे धरून खाली मान घालून उभा होता. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी तो कोट शेवटचा वर्गात नेला आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले. बियाँड रिपेअर. "म्हणजे," ते पोरांना म्हणाले, "शिंपीसुद्धा हात जोडतो." घरी सरूवहिनींनी कात्री घेतली आणि उरल्यासुरल्या तुकड्यांची वाकळ शिवली. चामड्याची उरलेली तीन बटणं तिच्या कोपऱ्यात तशीच राहू दिली.

त्यानंतर मास्तर वर्गात खिळ्यावरून नसलेला कोट काढू लागले. साताऱ्याला जे एकदा करून दाखवलं तेच रोज. पण आता डाव्या हाताला बाही पहिल्याच झटक्यात सापडायची. गिरकी नाही. पोरं आधी वाट बघायची, मग त्यांनी तीही सोडली.

चैत्रात पुन्हा एका लग्नासाठी कोट मागायला माणूस आला. मास्तर म्हणाले, कोट राहिला नाही. गावाचा विश्वास बसेना. "हाय की! रोज वर्गात घालतोय आन् आमाला न्हाई म्हणतोय. पोरं सांगत्यात." दोन दिवसांत गावभर झालं की मास्तर माजला. आबांनी हेडमास्तरांना बोलावून घेतलं, आणि जूनपासून बनसोड्यांची गरज नाही असं ठरलं. हेडमास्तरांनी मला सांगताना डगल्याचं वरचं बटणसुद्धा सैल केलं नाही.

पुढे मास्तर कुठं गेले? कुणी म्हणतं, मुंबईला गोदीत लागले. कुणी म्हणतं, सांगलीला कापडाच्या दुकानात दिसले, घडी मोडून दाखवताना. मी सांगलीच्या सगळ्या कापड दुकानांत जाऊन आलो. मला ते पुन्हा कधी दिसले नाहीत. माझ्याकडे आहे तो शेवटचा तास.

एप्रिलची अखेर, शाळा सकाळची. शेवटच्या तासाला मी माझा वर्ग सोडून त्यांच्या खिडकीशी आलो. गणूही आला होता. दारात उभा, एका हातात घंटेचा लोखंडी दांडा. घंटा द्यायची वेळ झाली होती, पण तो देत नव्हता.

वर्गात मास्तर कोट घालून उभे होते. म्हणजे नेहमीसारखे, नुसत्या शर्टात. बटणं काढायला लागले, वरून खाली. "आय अ‍ॅम अन्डूइंग द बटन्स." पोरं म्हणाली. "आय अ‍ॅम टेकिंग ऑफ माय कोट." पोरं म्हणाली. उजवा हात बाहेर आला, डावा आला. त्यांनी कोट समोर धरला, झटकला, खांदे जुळवले आणि फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवला. वाकडा राहिला असावा, कारण त्यांनी तो थोडा सरळ केला. मग "आय अ‍ॅम गोइंग होम" म्हणाले. हे वाक्य धड्यात नव्हतं. पोरं ते म्हणाली नाहीत.

मास्तर दारातून बाहेर पडले. गणूच्या जवळून गेले, त्याच्या खांद्याला हलकेच थोपटलं. गणूनं अंग चोरलं नाही. पायऱ्या उतरून मैदानाच्या मध्यावर पोचले. ऊन असं की सावलीसुद्धा पायाखाली लपलेली. गणू एकदा त्या पाठमोऱ्या शर्टाकडे बघे, एकदा वर्गातल्या खिळ्याकडे. एवढी वर्षं त्यानं तो कोट काठीवरून नेला-आणला होता. अचानक हातातला दांडा टाकून तो खिळ्याकडे धावला, कोट काढायला दोन्ही हात वर केले आणि तिथूनच, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा ओरडला:

"आवं मास्तर! तुमचा कोट ऱ्हायला की हितं!"